दगडफेकीनंतरची शाळा: शांती दिनाच्या आधी काय करायचं

बडोद्याच्या जुन्या शहरातल्या एका शाळेतल्या बाईंनी हा प्रश्न विचारला आहे. शाळा मराठी मंडळींच्या ट्रस्टची, माध्यम आता गुजराती, मुलं आसपासच्या पोळांतली (जुन्या गल्लीवजा वस्त्यांतली) आणि मोहल्ल्यांतली, दोन्ही समाजांची. दोन महिन्यांपूर्वी मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली, काही दुकानं जळाली, शाळा आठवडाभर बंद राहिली. आता वर्गात हिंदू मुलं एका बाजूला आणि मुसलमान मुलं दुसऱ्या बाजूला बसतात, डबे वेगळे उघडतात, आणि नऊ मुलांच्या घरून शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज आले आहेत. ट्रस्टी म्हणतात, शांती दिन करा: रॅली, चित्रकला स्पर्धा, पाहुण्यांचं भाषण. याने काही होईल का, आणि मानवी हक्कांचं शिक्षण म्हणतात ते शाळेत करायचं कसं, असं बाई विचारतात.

बाई, शांती दिन जरूर करा, पण सगळ्यात शेवटी. आधी केलात तर मुलं एवढंच शिकतील की मोठी माणसं घोषणा देतात आणि दुसऱ्या दिवशी बाकं जिथल्या तिथेच असतात.

संयुक्त राष्ट्रांनी 2011 साली मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात या शिक्षणाची तीन अंगं सांगितली आहेत. हक्कांविषयीचं शिक्षण, म्हणजे कलमं आणि माहिती. हक्कांमधून शिक्षण, म्हणजे शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा मान राखूनच शिकवणं. आणि हक्कांसाठी शिक्षण, म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या हक्कासाठी उभं राहता येणं. आपल्याकडे बहुतेक शाळा पहिल्यावर थांबतात. नागरिकशास्त्राचा धडा होतो, मूलभूत हक्क पाठ होतात, परीक्षेत लिहिले जातात. दंगलीनंतर खरी गरज दुसऱ्या अंगाची असते. समानतेचा धडा शिकलेल्या मुलाला त्याच तासाला मागच्या बाकावर पाठवलं, तर लक्षात बाक राहतो.

तुमचं पहिलं काम ते नऊ अर्ज. हे काम उद्याच सुरू व्हायला हवं. दंगलीनंतर शाळेचं सगळ्यात मोठं नुकसान याच वाटेने होतं: पालक भीतीपोटी मुलाला 'आपल्या लोकांच्या' शाळेत हलवतात आणि दोन-तीन वर्षांत मिश्र शाळा एकरंगी होते. मग समेट करायचा तरी कुणाशी? गुजरातेत घरांच्या बाबतीत हे आधीच घडत आलं आहे. अशांत धारा या दंगलग्रस्त भागांसाठीच्या कायद्याखाली घोषित झालेल्या भागात घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी लागते, वस्त्या वेगळ्या होत जातात, आणि दोन समाजांची मुलं रोज एकत्र भेटतील अशा जागा फार थोड्या उरतात. तुमची शाळा त्यांपैकी एक आहे.

दाखला अडवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, आणि अडवला तर विश्वास उरलासुरला जातो. अर्ज आल्याच्या दोन-तीन दिवसांत वर्गशिक्षकांनी घरी जावं. शक्य झालं तर दोघांनी, दोन समाजांच्या दोघांनी. 'का जाताय' असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. विचारायचं ते असं: कुठल्या रस्त्याने मुलगा येतो, कुठल्या वळणावर भीती वाटते, शाळा किती वाजता सुटली तर बरं. उत्तरं बहुतेक वेळा फार साधी निघतात. अमुक नाक्यावर टोळकं बसतं, संध्याकाळच्या पाळीला अंधार होतो, वर्गात कुणी काही बोललं. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय म्हणजे एका वाटेच्या मुलांना एकत्र सोडणं, नाक्यापर्यंत एक शिक्षक, वेळ वीस मिनिटं अलीकडे. निदान सहा आठवडे हे नेमाने चालवा. दोन आठवड्यांत बंद पडलं तर दाखल्याचे अर्ज पुन्हा येऊ लागतात.

ज्यांची कागदपत्रं जळाली त्यांच्याकडे पुन्हा कागद मागू नका. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला उतारा काढून घरपोच द्या. एवढ्या एका कागदातून मुलाच्या बापाला कळतं की शाळा कुणाच्या बाजूने आहे.

दुसरं काम स्टाफरूमचं, आणि हे सगळ्यात अवघड. शिक्षकही त्याच गावात राहतात, त्याच व्हॉट्सॲप गटांत असतात, काहींचं स्वतःचं नुकसान झालेलं असतं. 'आपली मुलं' आणि 'त्यांची मुलं' हे शब्द आधी इथे ऐकू येतात, मग वर्गात पोचतात. मुलांबरोबर काहीही सुरू करण्याआधी शिक्षकांच्या दोन-दोन तासांच्या तीन बैठका घ्या. पहिलीत फक्त प्रत्येकाने काय पाहिलं, काय सोसलं ते बोलू द्या, कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. दुसरीत शाळेची स्वतःची नोंदवही उघडा: गेल्या वर्षभरात शिक्षा कुणाला झाल्या, मॉनिटर कोण होते, स्नेहसंमेलनात मुख्य कामं कुणाला मिळाली, वर्ग झाडायला कुणाला सांगितलं. आकडे फळ्यावर मांडा. कुणाला दोष देण्यासाठी नाही, दिसावं म्हणून. जात, धर्म, मुलगा-मुलगी असा भेद करतो असं कुणालाच वाटत नसतं, पण वही बोलते. तिसऱ्या बैठकीत चार-पाच नियम लेखी ठरवा: हजेरी कशी घ्यायची, टोमणा ऐकला तर त्याच क्षणी काय म्हणायचं, अफवेचा मेसेज आला तर कुणाला दाखवायचा. अंगावर हात टाकणं आणि मानसिक छळ दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद आहे. दंगलीच्या घरातून आलेल्या मुलावर उगारलेली पट्टी त्याला वेगळंच काही सांगते.

आता वर्ग. बाकं बदलायची, पण 'तू याच्याशेजारी बस, मैत्री कर' असं सांगून नाही. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा, सगळ्या वर्गांत, अगदी पहिलीपासून. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणालाच आपल्याला वेचून काढल्यासारखं वाटत नाही.

शेजारी बसवलं म्हणजे मनं जुळतात असं मात्र नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडलेल्या चार अटी आजही कामाला येतात: दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एकच हवं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय गाठता येऊ नये, आणि वरच्या माणसांचा उघड पाठिंबा हवा. यांतली एखादी सुटली तर जवळीक उलट अंगावर येऊ शकते. भारतातलं उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवून केलेल्या एका अभ्यासात, एकाच संघात खेळलेल्यांची परस्परांशी मैत्री वाढली, विरुद्ध संघांत खेळण्याने तसं झालं नाही. म्हणून खो-खो असो की क्रिकेट, गल्लीप्रमाणे किंवा मोहल्ल्याप्रमाणे संघ कधीही करू नका. हाऊस, म्हणजे स्पर्धांसाठीचे कायमचे गट, पाडायचे तर रोल नंबरप्रमाणे, आणि वर्षभर तेच.

अभ्यासात हेच साधण्यासाठी उत्तम पद्धत म्हणजे जिगसॉ, आपण तुकडेजोड म्हणू. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 1971 साली गोऱ्या, काळ्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या शाळा एकत्र केल्यावर वर्गांत मारामाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी ती काढली. त्यांच्या लक्षात आलं की बाईंनी प्रश्न विचारायचा आणि मुलांनी हात वर करायचे, या रोजच्या रीतीत प्रत्येक मूल दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत असतं. तुकडेजोडीत दुसऱ्याला नीट यावं यातच माझा फायदा असतो.

चाळीस मुलांचा वर्ग धरू. पाच-पाचांचे आठ गट. धड्याचे पाच तुकडे, प्रत्येकी अर्धं पान, आठ-आठ झेरॉक्स. बडोद्यासाठी चांगला धडा म्हणजे सयाजीरावांचं राज्य. पहिला तुकडा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा, 1893 मध्ये अमरेली भागात सुरू झालेला आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात लागू झालेला. दुसरा आजवा तलावाचं पाणी शहरात कसं आलं याचा. तिसरा 1910 नंतर बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाने उभारलेल्या वाचनालयांचा. चौथा 1886 मध्ये उस्ताद मौलाबक्षांच्या हाताखाली निघालेल्या गायनशाळेचा. पाचवा 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांचा. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा मिळतो, बाकीचे चार त्याला वाचायला मिळत नाहीत.

दोन सलग तास लागतात. दहा मिनिटं आपापलं वाचन. मग एकाच तुकड्याची मुलं एकत्र बसतात आणि वीस मिनिटं ठरवतात की हे दुसऱ्याला कसं समजवायचं. आठ जण एका घोळक्यात फार होतात, चार-चारांचे दोन करा. मग सगळे मूळ गटात परत, प्रत्येकाला पाच मिनिटं. शेवटी दहा गुणांची चाचणी पाचही तुकड्यांवर, प्रत्येकाची वेगळी.

कुठे बिघडतं ते सांगतो. मधली वीस मिनिटं वेळ वाचवायला गाळतात. अडखळत वाचणारं मूल मग आपल्या गटात तोंडघशी पडतं आणि सगळे म्हणतात, 'याच्यामुळे आपलं गेलं.' ती वीस मिनिटं त्याच्यासाठीच असतात, तिथे त्याला तालीम मिळते. दुसरी चूक, गटाला मिळून गुण देणं. त्याने हुशार मूल चिडतं, आणि चिडायला आता समाजाचं नाव तयारच असतं. गुण ज्याचे त्याला. तिसरी चूक गट पाडण्यात होते. चाळिसांत बारा मुलं एका समाजाची असतील तर एकेक करून सगळ्या गटांत वाटू नका. एकटं पडलेलं मूल आपल्या समाजाचा वकील होऊन बसतं. सहा गटांत दोन-दोन द्या, दोन गट तसेच राहू द्या, आणि दर चार आठवड्यांनी गट नव्याने पाडा. चौथी चूक म्हणजे दोनदा करून सोडून देणं. आठवड्यातून दोनदा, किमान आठ आठवडे, त्याआधी फरक दिसेल अशी अपेक्षा धरू नका.

दिल्लीतल्या खाजगी शाळांत गरीब मुलांना राखीव जागांवर घेतल्यावर श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला, याचा अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली मुलं जास्त उदार झाली आणि भेदभाव कमी करू लागली. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या अक्षरक्रमाने पडत होते, त्यामुळे प्रत्यक्ष एकत्र काम केल्याचा वाटा वेगळा तपासता आला. तुमच्या शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 खाली 25 टक्के राखीव जागांवर आलेली मुलं असतील, तर त्यांच्यासाठीही हेच गट उपयोगी पडतील.

मुलांना दंगलीविषयी बोलू द्यायचं का? द्यायचंच. शाळेने तोंड मिटलं की बोलणं संपत नाही, फक्त मोबाईलवर जातं. पण 'सांगा बरं काय झालं' असं म्हणून वर्ग मोकळा सोडू नका. फळ्यावर तीन रकाने आखा: मी पाहिलं, मी ऐकलं, मला वाटतं. प्रत्येक मूल तीन चिठ्ठ्या लिहितं, नाव न घालता, आणि चिठ्ठीत कुणाचंही नाव किंवा दुकान लिहायचं नाही. बाई एकेक चिठ्ठी वाचतात आणि ती कुठल्या रकान्यात बसते ते वर्ग ठरवतो. पहिल्या रकान्यात फार थोड्या चिठ्ठ्या पडतात, दुसरा भरून वाहतो. पाचवी-सहावीच्या मुलांनाही हे डोळ्यांनी दिसतं आणि तुम्हाला अफवांवर भाषण द्यावं लागत नाही. पस्तीस मिनिटांत एवढंच करा. कुणी रडायला लागलं तर दुसऱ्या बाईंनी त्याला शांतपणे बाहेर न्यावं, म्हणून या तासाला दोन शिक्षक हवेत. कुठल्याही मुलाकडून साक्ष काढू नका. केस चालू असेल तर त्याचं बोलणं पालकांच्या आणि वकिलाच्या अखत्यारीतलं असतं. महिना उलटूनही ज्याला झोप लागत नाही, फटाक्याच्या आवाजाने जो दचकतो, अंथरूण ओलं करू लागला आहे किंवा बोलायचा थांबला आहे, त्याला मानसोपचाराची गरज आहे. सयाजी हॉस्पिटलची वाट पालकांना दाखवा, आणि पहिल्यांदा बरोबर जा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्याचं दुकान जळलं त्याच्या मुलाला व्यासपीठावर उभं करून 'मी माफ केलं' म्हणायला लावू नका. टोपीवाला मुलगा आणि टिळावाला मुलगा गळाभेट घेतानाचा फोटो काढू नका. नुकसानभरपाई, गुन्ह्याचा तपास, शिक्षा ही कामं सरकारची आणि कोर्टाची आहेत, ती झाली नाहीत म्हणून त्यांचं ओझं दहा वर्षांच्या मुलाने वाहायचं नाही. माफी मागायची की करायची, केव्हा करायची, हा त्याचा हक्क आहे.

इतिहासाचा भाग सगळ्यात सावकाश घ्या, आठवीच्या पुढे. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर शाळांतला इतिहासाचा विषय कित्येक वर्षं थांबवावा लागला, कारण जुन्या धड्यांनीच मुलांना दोन जमातींत वाटलं होतं. बोस्नियात उलट झालं: युद्ध संपल्यावर पन्नासहून जास्त ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरू लागल्या, दारं वेगळी, अभ्यासक्रम वेगळे. तात्पुरती म्हणून केलेली सोय मुरली. उत्तर आयर्लंडमध्ये 1981 साली 28 मुलांना घेऊन कॅथलिक-प्रोटेस्टंट मुलांची पहिली एकत्र शाळा निघाली. ती पालकांनी काढली होती, सरकारने नव्हे, आणि इतक्या वर्षांनंतरही अशा शाळांत दहातलं एखादंच मूल जातं. तुमच्याकडे मिश्र शाळा आयती आहे, हे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगतो.

बडोद्यात हक्कांचा इतिहास शिकवायला बाहेरची उदाहरणं लागत नाहीत. सयाजी विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता, तो बदलून 'सर्व मानव' करण्याचं श्रेय त्यांना जातं. 10 डिसेंबर 1948 ला 30 कलमांचा जाहीरनामा मंजूर झाला तो त्या शब्दासह. त्यांच्या नावाचं ग्रंथालय तुमच्याच शहरात आहे. एका शब्दाने कोण आत येतं आणि कोण बाहेर राहतं, हे या उदाहरणावरून सातवीतल्या मुलीलाही कळतं.

आणि 1917. बडोद्याच्याच पैशावर शिकून आलेले आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी इथे आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून लाठ्या घेतलेल्या लोकांनी काढलं. हिंदू मित्राने अडचण सांगितली, ख्रिस्ती मित्रानेही. काही तास कमाटी बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. हा प्रसंग शिकवताना तीनच प्रश्न ठेवा: नकार कुणी कुणी दिला, प्रत्येकाने काय कारण सांगितलं, आणि हो म्हणायला त्या प्रत्येकाला काय मोजावं लागलं असतं? अन्याय एका समाजाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही, हे मुलांना आपोआप दिसतं. मग कुणीतरी आजच्या घरांचं काढतं, कुठल्या सोसायटीत कुणाला भाड्याने देत नाहीत ते. काढू द्या. तास तिथेच पोचायला हवा.

काम होतंय की नाही हे मोजायचं कसं? 'तुला दुसरा धर्म आवडतो का' असं विचारलं तर मुलं तुम्हाला हवं ते उत्तर देतात. सुरुवातीला आणि बारा आठवड्यांनी प्रत्येकाकडून तीन नावं लिहून घ्या: प्रकल्प कुणाबरोबर करायला आवडेल? समाजाच्या पलीकडची नावं किती, तेवढी मोजा, आकडा ठेवा आणि कागद त्याच दिवशी फाडून टाका. त्याबरोबर हजेरी आणि दाखल्याचे अर्ज पाहा. इराकमध्ये ख्रिस्ती आणि मुसलमान खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ करून झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संघातल्या सोबत्यांशी वागणं सुधारलं, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी माणसांशी फारसं नाही. तुमच्याकडेही वर्गातला बदल गल्लीत आपोआप जाणार नाही. पालकांना कामासाठी बोलवा, भाषणासाठी नको. उत्तरायणाच्या आधी मांजा रंगवणारे आणि पतंग बनवणारे पालक वर्गात येऊन हात चालवून दाखवू शकतात, गणपतीची आरास करणारेही.

ट्रस्टींना सांगा की शांती दिन पुढच्या सत्रात घेऊ, आणि त्या दिवशी मुलं आपल्या तुकडेजोडीच्या गटांचं काम मांडतील. ठरलेला खर्च आत्ता झेरॉक्ससाठी आणि नाक्यापर्यंत जाणाऱ्या शिक्षकांसाठी द्या. आणि नऊपैकी जी मुलं शेवटी गेलीच, त्यांच्या घरी जूनच्या आधी प्रवेशाचा फॉर्म घेऊन जा. शिपायाबरोबर पाठवू नका, वर्गशिक्षकांनी स्वतः जावं, आणि मुलाचं जुनं प्रगतिपुस्तक बरोबर न्यावं.